फोटो कुठून बघायचा

अपघाताच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ लॅबमध्ये भांडायला आले होते. त्यांच्या घरातल्या बावीस जणांचा फोटो आम्ही तीन फूट रुंद छापून दिला होता आणि त्यात कडेला उभी असलेली त्यांची मेहुणी प्रमाणाबाहेर जाड दिसत होती. ती घरात कोणाशी बोलत नाहीये, तुम्ही तिला ताणलंय, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना फोटोच्या हातभर अंतरावर आणून उभं केलं आणि सांगितलं, आता मान न हलवता नजर कडेला न्या. मेहुणी बारीक झाली. ते एक पाऊल मागे गेले, ती फुगली. पुढे आले, ओसरली. चार वेळा मागेपुढे केल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, म्हणजे हा फोटो बोळात लावायचा का? मी हो म्हटलं.

हे मी गेली अकरा वर्षं लोकांना सांगते आहे. कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकले, पोटापाण्यासाठी फोटो छापते, आणि दोन्हीकडचं जे थोडंफार एकत्र आलं ते एवढंच, की प्रत्येक छापील फोटोला बघण्याची एक जागा असते. लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेली लांबी घ्यायची, फोटो जितक्या पटीने मोठा केला त्या आकड्याने गुणायचं. डोळा तितक्या अंतरावर असला की कागदातली अंतरं खरी वाटतात. त्याहून लांब गेलात तर मागचं आणखी मागे पळतं, कडेचं ताणलं जातं. त्याहून जवळ आलात तर मागचं पुढच्याला येऊन चिकटतं. लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने काढलेले फोटो तर आपण नेहमीच फार जवळून बघतो, कारण कागद हातात असतो आणि हात तेवढाच लांब असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दातांचे डॉक्टर आले. ते आमचे जुने गिऱ्हाईक, पक्ष्यांच्या फोटोंचं वेड असलेले. त्यांच्या गच्चीसमोर एक मोठी इमारत उभी राहत होती. तिथल्या क्रेनवर घारी बसायच्या, आणि डॉक्टर दवाखाना उघडण्याआधी तास-दीड तास त्यांच्या मागे असायचे. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता. समोर अपघात झाला, म्हणाले. तुळई घसरून एका वेल्डरच्या पायावर आली. ते खाली झेपावलेल्या घारीचे फोटो काढत असतानाच झालं आणि मागे ती माणसं आली आहेत, एका फोटोत तर अगदी स्पष्ट. त्यांनी खाली जाऊन सुरक्षा अधिकाऱ्याला कॅमेऱ्यात दाखवलं, तर त्याने संध्याकाळपर्यंत मोठा फोटो मागितला होता. दोन माणसं आणि वरची तुळई, बाकी काही नको.

मी तो फोटो कापला. भगवं जाकीट आणि पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस पाठमोरा उभा होता, त्याच्या उजव्या खांद्याशी दुसरा, आणि दोघांच्या वर लोखंडी तुळई लटकत होती. खाली बरीच मोकळी जमीन होती, चिखल, लोखंडी सळ्या. मोकळी जागा दिसली की कापायची ही आमच्या धंद्यातली सवय. मी माणसं मांड्यांपासून वर घेतली, म्हणजे चौकट भरून आली. डॉक्टरांना पसंत पडलं. मलाही पडलं होतं.

संध्याकाळी सात वाजता भावजयीचा फोन आला. माझा धाकटा भाऊ क्रेनचा सिग्नलमन आहे. क्रेनवाला वर बसलेला असतो, त्याला खालचं सगळं दिसत नाही, म्हणून हा खाली उभा राहून हातांनी खुणा करतो आणि गळ्यातली शिट्टी वाजवून लोकांना बाजूला करतो. कंत्राटदार त्याला दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या साइटवर पाठवायचा. त्या आठवड्यात तो कुठे होता ते मला माहीत नव्हतं. भावजय म्हणाली, ताई, याला पोलिसांनी बसवून ठेवलंय.

माझ्या भावाला मी पाठमोरा ओळखला नव्हता.

त्याला त्याच रात्री सोडलं, पण कंपनीने चौकशी बसवली आणि पोलिसांनी सांगितलं की चौकशीचा निष्कर्ष बघून पुढचं ठरवू. वेल्डर वाचला, पाय गुडघ्याखालून गेला. शिट्टी ऐकू आली नाही, एवढंच तो सांगत होता. आणि मग त्या दोघांचं भांडण वर आलं. अपघाताच्या आदल्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी वेल्डरने सगळ्यांसमोर भावाची नक्कल केली होती. हात वर, हात खाली, गोल फिरवून मूठ बंद. "ए बँडमास्तर, वाजव की!" सगळी साइट हसली होती. माझा भाऊ लहानपणापासून हसण्याला फार लागतो. तो म्हणाला होता, माझ्या हाताखाली काम करतोस, विसरू नकोस. हे वाक्य सहा जणांनी चौकशीत सांगितलं.

आणि त्याच्या जोडीला माझा फोटो. चौकशीच्या मसुद्यात लिहिलं होतं की फोटोवरून वेल्डर सिग्नलमनपासून सुमारे दोन हातांवर, एका चौथऱ्यावर उभा असल्याचं स्पष्ट दिसतं. दोन हातांवरच्या माणसाला शिट्टीही लागत नाही, दंड धरून ओढता येतं. ज्याने तेही केलं नाही त्याने ते मुद्दाम केलं नाही, असा त्याचा अर्थ होता, आणि असं लिहिलं गेलं तर प्रकरण निष्काळजीपणाचं राहणार नव्हतं. तुरुंगाचं होणार होतं.

"मी चाळीस पावलांवर होतो," भाऊ म्हणाला. पहिल्या दिवसापासून तो हेच सांगत होता आणि भावजय शेजारीपाजारी, माहेरी, दुकानात, सगळीकडे तेच सांगत होती. "तिथे चौथराबिथरा काही नाही ताई. सपाट चिखल आहे."

चौथरा ऐकल्यावर मला माझी चूक समजली. डॉक्टरांची गच्ची तिसऱ्या मजल्यावर आहे. उंचावरून बघताना मागचा माणूस चित्रात वर सरकतो. पाय दिसत असते तर कोणालाही कळलं असतं की तो वर उभा नाही, मागे उभा आहे. पाय मी कापले होते. मग बघणाऱ्याच्या डोळ्यांनी आपल्यापुरता एक चौथरा बांधून घेतला आणि वेल्डरला त्यावर उभं केलं.

शनिवारी सकाळी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांना फार वाईट वाटत होतं. बारा वर्षांत एकदाही घार धड मिळाली नाही हो, म्हणाले, आणि मिळालं ते हे. त्यांनी मूळ फोटो कॉम्प्युटरवर उघडून दिला आणि चहा करायला गेले. घार उडताना त्यांनी बोट दाबून ठेवलं होतं, त्यामुळे आधीचे-नंतरचे असे एकूण अकरा फोटो होते. मला एकाचंच काम होतं.

कंपनीची हेल्मेटं सगळी एका मापाची. मी दोन्ही हेल्मेटांची रुंदी पडद्यावर ठिपक्यांमध्ये मोजली. भावाचं एकशे एकोणनव्वद ठिपके, वेल्डरचं एकशे पंचाहत्तर. म्हणजे वेल्डर कॅमेऱ्यापासून भावापेक्षा शंभराला आठ इतका जास्त लांब. गच्चीपासून भाऊ उभा होता ती जागा नकाशावर एकशे पंचाहत्तर मीटर भरली. त्याचे शंभराला आठ, चौदा मीटर. हेल्मेटाची कड धूसर असते, दोन-तीन ठिपके चुकू शकतात, म्हणून तीन मीटर इकडे-तिकडे. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा दोन हात आलं नाही आणि चाळीस पावलंही आली नाहीत. चाळीस पावलं म्हणजे अठ्ठावीस मीटर होतात, त्याच्या पावलांनी जास्तच.

घरी येऊन मी त्याला सांगितलं. तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला नाही, पण चावायचा थांबला.

"चाळीस सांग ना," तो म्हणाला. "कोण मोजायला जाणार आहे?"

"मी मोजलंय."

"मग नुसतं सांग की फोटो फसवतो. आकडा नको सांगूस."

भावजय म्हणाली की ताईंनी आकडा सांगितला नाही तर ते लोक फसवणुकीवर विश्वास कशाला ठेवतील. ती हिशेबी बोलते, आणि बरोबर बोलते. भावाने तिच्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला. एक-दोन पावलांत माणूस चुकतो, मी मनाशी म्हटलं. बारा-चौदा मीटर चुकत नाही, ज्याचं कामच अंतर ओळखण्याचं आहे तो तर नाहीच. पण इतक्या भेदरलेल्या माणसाला सगळंच लांब गेल्यासारखं वाटत असेल, असंही मी मनाशी म्हटलं, आणि मला ते पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं.

चौकशीत कामगाराला सोबत आपलं एक माणूस आणता येतं. गुरुवारी अकरा वाजता मी त्याच्याबरोबर कंपनीच्या कचेरीत गेले. लांबुळकी खोली, मध्ये टेबल, तीन माणसं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर, सावकाश बोलणारे. त्यांच्या एका बाजूला सुरक्षा अधिकारी, दुसऱ्या बाजूला कामगारांचा प्रतिनिधी, तो सारखा घड्याळ बघत होता. मी आधी दोन गोष्टी सांगून टाकल्या. मी याची सख्खी बहीण आहे, आणि तुमच्यासमोरचा फोटो मीच कापला आहे.

सुरक्षा अधिकारी म्हणाला, वा, म्हणजे भावाला अडकवलंही ताईने आणि सोडवायलाही ताईच आली. प्रतिनिधी हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी मला बोलायला सांगितलं.

मी माझा कापलेला फोटो भिंतीला चिकटवला आणि अध्यक्षांना एक डोळा मिटून मागे मागे जायला सांगितलं. ते निमूट गेले. पाठ समोरच्या भिंतीला टेकली तेव्हा मी म्हटलं की हा फोटो जिथून बघायला हवा त्याच्या निम्म्यावर तुम्ही आलात. भिंत नसती तर अठरा मीटरवर जावं लागलं असतं. हातात धरून बघितलात तेव्हा तुम्ही पन्नास सेंटिमीटरवर होतात. मग मी मूळ, न कापलेला फोटो त्याच्या शेजारी लावला. तेवढाच कागद, पण चिखल, सळ्या, पाय, सगळं असलेला. त्याचं अंतर साडेसात मीटर येत होतं, तेवढं खोलीत मावत होतं. मी फरशीवर खडूने रेघ मारली आणि तिथे त्यांना उभं केलं.

ते बराच वेळ बघत राहिले. एक डोळा उघडून दुसरा मिटला. मग म्हणाले, "मधे जागा आहे."

सुरक्षा अधिकाऱ्याला त्यांनी बोलावलं. तो आला, बघितलं, म्हणाला इतक्या लांबून मला तर माणसंच दिसत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, चष्मा घाला. त्याने घातला आणि पुन्हा बघितलं. मग जाऊन मसुद्याचा कागद उचलून चौथऱ्याची ओळ पुन्हा वाचली. तो त्या साइटवर रोज जाणारा माणूस. तिथे चौथरा नाही हे त्याला माहीत असायला हवं होतं, आणि तरी सही करताना त्याच्या डोक्यात फोटोतला चौथरा होता. त्याचे कान लाल झाले.

मी आकडा सांगितला. चौदा मीटर, तीन इकडे-तिकडे. हेल्मेटांचं गणित कागदावर मांडून दिलं. अध्यक्षांनी ते स्वतः पुन्हा केलं, पेन्सिलीने, आणि खाली बरोबरची खूण केली. त्यांनी भावाला विचारलं की तू तर चाळीस पावलं म्हणाला होतास. भाऊ म्हणाला, "चुकलं असेल साहेब. धांदलीत होतो." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"चौदा मीटरवर शिट्टी ऐकू जाते?" अध्यक्षांनी मला विचारलं.

मी अंतर मोजलं होतं, आवाज मोजला नव्हता. तसं म्हणता आलं असतं. पण मी म्हटलं, जाते. त्याची शिट्टी मी आमच्या रस्त्याच्या टोकावरून ऐकली आहे.

पुढचं अध्यक्षांनीच मांडलं. म्हणजे शिट्टी वाजलीच नव्हती. तुळई आणि वेल्डर पाठीमागून बघता एकाच दिशेला होते. सिग्नलमनची नजर तुळईवर असेल, माणूस खाली आलेला त्याच्या लक्षात आला नसेल. दोन हातांवर असं म्हणता येत नाही, चौदा मीटरवर येतं. तरीही ते चूकच, कारण खाली कोणी नाही ना हे बघणं हेच त्याचं काम. वर्षभर त्याला क्रेनच्या कामावर उभं राहता येणार नाही. पण यात हेतू दिसत नाही, आणि तसं आपण लिहू. सोमवारी सह्या होतील. काही राहिलं असेल तर तोपर्यंत कळवा, असं म्हणून त्यांनी मला आपला नंबर दिला आणि विचारलं की त्यांच्या घरी एक जुना फोटो आहे, त्यात त्यांची आई फार लांब उभी वाटते, तो कुठून बघायचा. मी म्हटलं, जवळ जाऊन.

बाहेर ऊन होतं. कचेरीपासून बसथांबा सात-आठ मिनिटांवर आहे. भाऊ माझ्या पुढे चालत होता, मग थांबला, मग माझ्या बरोबरीने चालायला लागला. मला वाटलं, आता हा रडेल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, मला तो दिसला होता," तो म्हणाला.

मी हात काढला नाही. काढायला हवा की नको हे ठरेपर्यंत आम्ही बरंच चाललो.

तो हळूहळू बोलत होता, समोर बघत. वेल्डर सळ्यांच्या मागून बाहेर आला तेव्हाच दिसला. तुळई वर होती. शिट्टी तोंडातच होती, दातांत धरलेली. "म्हटलं, जरा वर बघू दे. वर बघेल, टरकेल. सगळ्यांसमोर पळेल. मग वाजवतो." एवढंच. एक श्वास, फार तर दोन. तेवढ्यात तुळईचा पट्टा सरकला.

"मारायचं नव्हतं गं मला त्याला. नुसतं पळवायचं होतं."

दातांच्या डॉक्टरांकडचे ते बाकीचे दहा फोटो मला आठवले. बोट दाबून ठेवलं होतं, सेकंदाला तीन. त्यातल्या पहिल्यात वेल्डर कुठे होता आणि भावाची मान कुठे वळलेली होती हे बघितलं असतं तर वेळही मोजता आली असती. चहा येईपर्यंत मला पुरेसा वेळ होता. मी एकच फोटो उघडला, कारण मला अंतर हवं होतं. मला कुठलं उत्तर हवं आहे हे ठरवूनच मी मोजायला बसले होते, आणि जे मोजलं ते अचूक मोजलं. दोन हात हा आकडा खोटा होता. त्या खोट्या आकड्यावरून त्या लोकांनी जो अर्थ काढला होता, तो पुरता खोटा नव्हता.

"तू सांगणार?" त्याने थांब्यावर विचारलं.

"मला काय विचारलं होतं, ते मी सांगितलं."

"म्हणजे नाही ना?"

बस आली. आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो, जागा तशाच होत्या.

भावजय दारातच उभी होती. गॅसवर काहीतरी होतं, त्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. मी म्हटलं की चौदा मीटर त्यांनी मानले, वर्षभर काम नाही, पण हेतू नव्हता असं लिहिणार आहेत. तिने दाराच्या चौकटीला धरलं आणि डोळे मिटले. मग उघडून म्हणाली, "म्हणजे लांबच होता ना हा? मी सगळ्यांना तेच सांगत होते."

मी चपला काढत होते. वर बघितलं नाही.

"जवळ होतो," भाऊ म्हणाला.

"ताईंनी मोजलंय की."

"तिने अंतर मोजलं." तो उंबऱ्याजवळ खालीच बसला आणि त्याने तिला सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच शब्दांत, श्वासासकट.  सांगून झाल्यावर ती आत गेली आणि गॅस बंद करून आली.

"सुटला होतास ना?" ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "मग हे मला कशाला सांगितलंस?"

तो म्हणाला की वेल्डरने त्याला काल निरोप पाठवला होता. साइटवरचा एक जण दवाखान्यात गेला होता, त्याच्याबरोबर. निरोप असा होता की बँडमास्तरला सांग, मी चेष्टा केली ती मनावर घेऊ नको, तुझी शिट्टी मला ऐकू आली नसेल, आवाज फार होता तिथे.

 मग भावाने खिशातून फोन काढला आणि मला विचारलं, अध्यक्षांचा नंबर तुझ्याकडे आहे ना. मी भावजयीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, नको म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती.

मी पर्समधून चिठ्ठी काढली आणि आकडे दोन-दोन करून सांगायला लागले. तो दाबत गेला. शेवटच्या दोन आकड्यांपाशी मी थांबले. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, वाट बघत. मग मी तेही सांगितले.